गोळीबारानंतर घाईत शस्त्र कायदा येतोय? विरोध नीट कसा करायचा ते वाचा

मुंबईत कुठे गोळीबार झाला की दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर एकच मागणी सुरू होते, परवाने रद्द करा, सगळ्यांची शस्त्रं जमा करून घ्या, कायदा कडक करा. कुणाच्या तरी घरातला माणूस गेलेला असतो, लोक चिडलेले असतात आणि ते चिडणं बरोबरच आहे. पण त्या रागाच्या भरात जो नियम येतो तो बहुतेक वेळा गोळी झाडणाऱ्याला लागतच नाही, तो लागतो कोकणातल्या शेतकऱ्याला, कॅश व्हॅनवरच्या गनमॅनला आणि नेमबाजीच्या रेंजवर घाम गाळणाऱ्या पोरापोरींना. अशा वेळी नुसतं व्हॉट्सॲपवर भांडून काही होत नाही, काम पद्धतशीर करावं लागतं.

पहिलं काम, बंदूक कुठून आली ते शोधा. बाकी सगळं नंतर. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकींवर गोळ्या झाडल्या ती पिस्तुलं बेकायदा होती, म्हणजे परवान्याचे नियम कितीही आवळले असते तरी त्या पोरांना काय फरक पडला असता? फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांची हत्या झाली तिथे गोष्ट वेगळी, ते शस्त्र मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं, परवाना उत्तर प्रदेशातला, आणि ते दुसऱ्याच्या हातात गेलं. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाने ४ जणांना मारलं ते तर सरकारी शस्त्र. तिन्ही ठिकाणी भोक वेगवेगळ्या जागी आहे. मग तिन्हींवर एकच औषध कसं चालेल, हा तुमचा पहिला आणि सगळ्यात भक्कम मुद्दा. आणि दहिसरसारख्या केसमध्ये प्रामाणिकपणे मान्य करा की हो, इथे परवान्याचं शस्त्र होतं, गनमॅनची शस्त्रं कुणाच्या ताब्यात असतात हे तपासायलाच हवं. हे लपवलं तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

दुसरं, नक्की काय येतंय ते मूळ कागदावर वाचा, बातमीवर नाही. तीन प्रकार असतात आणि तिन्हींचा दरवाजा वेगळा. एक म्हणजे संसदेतलं विधेयक, दुसरं गृह मंत्रालयाच्या अधिसूचनेने २०१६ च्या शस्त्र नियमांत केलेला बदल, तिसरं पोलीस आयुक्तांचा आदेश. आपली माणसं सवयीने आधी नगरसेवकाकडे जातात, मग आमदाराकडे, फ्लेक्स पण लागतो, पण शस्त्रं हा विषय राज्यघटनेत केंद्राच्या सूचीत आहे, त्यामुळे १९५९ च्या शस्त्र कायद्यात बदल दिल्लीतच होतो आणि तुमचा माणूस म्हणजे खासदार. मुंबईत लोकसभेचे ६ मतदारसंघ आहेत, आपला कुठला ते आधी बघा, शिवाय महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ जण असतात, त्यांनाही लिहिता येतं आणि खरं सांगायचं तर तिकडे पत्रांची गर्दी कमी असते.

यातून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना २०१९ सांगा. २९ नोव्हेंबरला लोकसभेत विधेयक आलं, त्यात एका माणसाकडे ३ ऐवजी फक्त १ शस्त्र ठेवायची तरतूद होती. बरीच नाराजी झाली, पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी सुद्धा गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि शेवटी जे पास झालं त्यात १ चे २ झाले. परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली ती पण त्याच कायद्यात. १० डिसेंबरला राज्यसभेत मंजूर, म्हणजे सगळा खेळ अकरा दिवसांचा. तुमच्याकडे पण साधारण एवढाच वेळ असेल असं धरून चाला.

आता पत्र. यावर जरा थांबतो कारण इथेच सगळे माती खातात. शंभर जणांनी तोच मेसेज फॉरवर्ड केला तर त्याची किंमत एका पत्राएवढीच. एक पान पुरे, विषयाच्या ओळीत कलमाचा नंबर टाका, पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि परवाना कशासाठी आहे ते, मग नुकसान काय, मग त्याऐवजी काय हवं ते नेमक्या शब्दांत. उदाहरणार्थ असं, ‘माझं गावी दोन एकर भात आहे, शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. सरसकट जमा करायच्या तरतुदीऐवजी, ज्याच्यावर गुन्हा दाखल आहे किंवा ज्याच्याबद्दल पोलिसांचा लेखी अहवाल आहे त्याचंच शस्त्र जमा करावं, असा बदल सुचवतो.’ बस. संविधान, अमेरिका, स्वसंरक्षणाचा जन्मसिद्ध हक्क असलं काही घालू नका, आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क म्हणून संविधानात लिहिलेला नाही, परवाना सरकार देतं, त्यामुळे तुमचा मुद्दा न्याय्य वागणुकीचा आणि नियम उपयोगाचा आहे का याचा असू दे.

ठासणीच्या बंदुकीचं उदाहरण उगाच नाही दिलं. माझा काका सिंधुदुर्गात शेती करतो, दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला लागते, आणि विधानसभेची निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली की नेमकं भात लोंबीला आलेलं असतं, रात्री रानडुकरं शेतात उतरतात आणि माणूस डबे वाजवत बांधावर बसतो, सकाळी बघावं तर अर्धा कुणगा (भाताचा वाफा) लोळवलेला. ही गोष्ट दादरच्या फ्लॅटमध्ये बसून कळत नाही आणि दिल्लीत तर नाहीच नाही, म्हणून ती सांगायला माणूस लागतो. मुंबईत अर्ध्या चाळींत कोकणातली घरं आहेत, गावच्या मंडळाच्या मीटिंगला विषय काढा, पत्रं तिथूनच मिळतील.

तसेच गनमॅन. झवेरी बाजारात दुकानाबाहेर बारा बोअरची दुनळी घेऊन दिवसभर उभा असतो ना, त्याची नोकरीच त्या परवान्यावर असते. बंदूक जमा झाली की एजन्सी त्याला साधा वॉचमन करते, पगार खाली येतो. आणि नेमबाज तर आहेतच, ५० मीटर रायफलला खरी पॉइंट टू टू (.२२ बोअरची, काडतुसाची रायफल) लागते, ती एअर रायफल नव्हे, परवाना आणि काडतुसांचा हिशोब दोन्ही लागतो. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात ब्राँझ आणलं. वरळीच्या रेंजवर किंवा सावरकर स्मारकात शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना पत्र लिहायला सांगा. खासदाराला भेटायला जाताना असा प्रत्येक प्रकारचा एकेक जण न्या, पाच जण पुरेत, मोर्चा नको.

खासदाराला तीन गोष्टी मागा. विधेयक गृह खात्याच्या स्थायी समितीकडे पाठवा, तिथे लोकांकडून सूचना मागवता येतात. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवा, केंद्राचंच २०१४ चं तसं धोरण आहे (ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे कोर्टात त्यावर सगळी भिस्त ठेवू नका). आणि बेकायदा शस्त्रं बनवणाऱ्या-पुरवणाऱ्यांच्या किती केसेस शेवटपर्यंत गेल्या ते सभागृहात विचारा.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र आजच टाका, गोळीबाराची वाट बघू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि विचारा, गेल्या ५ वर्षांत पकडलेल्या शस्त्रांत परवान्याची किती, बिनपरवान्याची किती. उत्तराला कायद्याने ३० दिवस मिळतात, विधेयक अकरा दिवसांत पास होतं, तेव्हा हातात आकडा आधीच हवा. ऐकीव टक्केवारी कुठेही लिहू नका, एक आकडा खोटा निघाला की सगळं पत्र कचऱ्यात.

तुम्हाला कोणीतरी ऑस्ट्रेलिया दाखवणारच. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, १० मेपर्यंत सगळ्या राज्यांचं नव्या नियमांवर एकमत झालं. त्याला शिव्या देऊ नका, शांतपणे सांगा की आपल्याकडे परवान्याशिवाय एक काडतूस जवळ ठेवणं पण १९५९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा इथे कमी पडतेय ती अंमलबजावणी. २६/११ ची शस्त्रं समुद्रातून आली होती हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

वागणुकीचं पण सांगतो. गेलेल्या माणसाच्या घरच्यांवर, त्यांच्या मागणीवर एक शब्द बोलू नका, कधीच नाही. स्टेटसला बंदुकीचे फोटो नकोत, भेटीला जाताना शस्त्र घरी कुलपात, आणि ग्रुपवर कोणी ‘बघून घेऊ’ टाइप लिहिलं तर त्याला लगेच काढा, तेवढ्यावरून परवान्यावर गदा येऊ शकते.

एवढं करूनही नियम आलाच, किंवा आयुक्तालयातून तुम्हालाच नोटीस आली, तर शस्त्र लपवायचं नाही, वेळेत जमा करायचं, आणि पावतीवर बंदुकीचा नंबर, काडतुसं किती, तारीख, शिक्का सगळं तिथेच तपासून घ्यायचं. मग कायद्याच्या कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द केला असेल तर कारण लेखी मागा आणि मुदत न घालवता कलम १८ खाली अपील करा. आदेश थेट सरकारचाच असेल तर तिथे अपील चालत नाही, हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. निवडणुकीच्या वेळी सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करू नका, प्रत्येकाचं वेगळं बघा, असं मुंबई हायकोर्टाने याआधी सांगितलेलं आहे, तो निकाल वकिलाला शोधायला सांगा. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आवक शिक्क्यासकट, एक झेरॉक्स घरी आणि एक वकिलाकडे.