अर्जुनाची साल काढण्याआधी घेर मोजा

सोयाबीन घरात आलं, गहू-हरभऱ्याची पेरणी मार्गी लागली, की सालीचं गिऱ्हाईक बांधावर येतं. इंदूरजवळच्या सिमरोल, चोरल, महूकडच्या नाल्याकाठी ज्यांच्याकडे अर्जुनाची झाडं आहेत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

गिऱ्हाईक म्हणेल, सगळं खोड सोलून द्या, दाम एकरकमी. देऊ नका. खोडाभोवती पुरं कडं निघालं की पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. कोवळ्या झाडाला हातच लावू नये. जुनं, भरलेलं खोड असेल तर दोरीनं घेर मोजा आणि त्याच्या पाव, फार तर तिसऱ्या हिश्श्याएवढीच उभी पट्टी काढा. विळा धारदार हवा. वरचा आणि मधला थर घ्यायचा, लाकडाला चिकटलेला आतला ओलसर पापुद्रा तसाच ठेवायचा, कारण नवी साल त्यातूनच धरते. पुढच्या खेपेला समोरची बाजू. सोललेल्या जागेला निदान दोन वर्षं तरी विसावा द्या. पावसाळ्यात हे काम नकोच, साल वाळत नाही आणि बुरशी धरते. तुकडे सावलीत पातळ पसरून कडकडीत वाळले, की मगच गोणीत भरा.

झाड मात्र नीट ओळखा. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, राखाडी-पांढरट. खपल्या निघतात तिथं आतून गुलाबीसर दिसतं. त्याचाच भाऊबंद ऐन, पण त्याची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी तडकलेली. अर्जुनाची म्हणून ऐनाची गोणी नीमचच्या जडीबुटीच्या मंडीत नेलीत, तर पुढच्या वर्षी तुमचा माल कोण उघडून बघणार?

अर्जुनाला मान मोठा. उखळाला बांधलेल्या कृष्णानं पाडलेले जुळे वृक्ष ते अर्जुनाचेच, कुबेराचे शापित मुलगे नलकूबर आणि मणिग्रीव. शिवाय हृदयासाठी साल दुधात उकळून देण्याची घरोघरची रीत. वैद्यांच्या क्षीरपाकाचं माप एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि दुधाएवढं उरेपर्यंत मंद आच. सालीत टॅनिन भरपूर, म्हणून चव तुरट. पूर्वी कातडी कमावायलाही ती वापरत. पण ज्यांना हृदयाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा काढा घेऊ नये, गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. गावातला कोणी छातीठोकपणे काहीही सांगो.

नाल्यालगतचं झाड तुमच्या खात्यात आहे की सरकारी जमिनीत, हे पटवाऱ्याकडून आधी बघून घ्या. नवी झाडं लावायची तर उन्हाळ्यात पाच पंखांची वाळलेली फळं गोळा करा, काही दिवस पाण्यात भिजवा आणि पिशव्यांत लावा. अर्जुनाला ओल प्रिय, तेव्हा रोपं विहिरीच्या किंवा नाल्याच्या अंगालाच जाऊ द्या.