कट्ट्यावरच्या पोरांना ४२ गँगची गोष्ट कशी सांगायची

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका वस्तीत रविवारी संध्याकाळी अभ्यासिका घेते, सहा वर्षं झाली, आणि दरवर्षी साधारण दहीहंडीच्या आसपास चार-पाच पोरं अभ्यासिकेतून कमी होतात आणि नाक्यावर वाढतात. आधी कुणाच्यातरी मागे फिरायला लागतात, मग कुठल्यातरी भाऊच्या बड्डेच्या फ्लेक्सवर अगदी खालच्या ओळीत त्यांचा पासपोर्ट साइज फोटो येतो, मग ट्रिपल सीट, मग राडा. अशा पोरांना लेक्चर दिलं की ती मान हलवतात, "हो ताई" म्हणतात आणि निघून जातात, हे मी खूपदा करून बघितलंय. ज्याचा खरंच उपयोग झाला ती एक गोष्ट आहे, शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या शिकागो शहरातल्या इटालियन पोरांच्या टोळीची, ४२ गँगची. दोन-तीन मंडळांतल्या तायांनी विचारलं की नेमकं कसं सांगता, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे इथली गोष्ट सांगायची नाही. मी एकदा ती चूक केली, आपल्याच भागातल्या एका जुन्या टोळीचं नाव घेतलं तर समोर बसलेल्या एकाचा तो सख्खा मामा निघाला, अर्धी पोरं मामाच्या बाजूने झाली आणि अर्धी गप्प बसली, आणि तो पोरगा परत आलाच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. शिकागो लांब आहे, तिथे कुणाचा मामा नाही, तिथे पोरं बिनधास्त बोलतात आणि बोलता बोलता आपल्या नाक्यावर आपोआप येतात.

वर्गात बसवू नका. व्यायामशाळेची ओटी किंवा मैदानाची पायरी, क्रिकेट झाल्यावर, आठ-दहा पोरं, जास्त नको. वडापाव आधी द्या, नंतर नाही, भुकेलं पोरगं ऐकत नाही. आणि एक माचिस घ्या, त्यातल्या बरोब्बर ४२ काड्या मोजून पोरांनाच जमिनीवर मांडायला सांगा, कशाला ते सांगू नका.

सुरुवात गँगपासून नाही करायची, सुरुवात करायची गावाकडून. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत साधारण ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेकडचे, सिसिलीसारख्या भागातले, शेतीवर पोट भरत नाही म्हणून निघालेले. शिकागोत त्यातले बरेच टेलर स्ट्रीटच्या आजूबाजूला राहिले, शहराच्या पश्चिम बाजूला, दाटीवाटीची घरं, बाप मजुरीला किंवा हातगाडीवर, आईला इंग्रजी येत नाही, पोरगा शाळेत मार खातो. इथे थांबा आणि विचारा, तुझे आजोबा कुठून आले? कोण साताऱ्याचं, कोण जालन्याचं, कोण जौनपूरचं, वागळेत कंपन्या आल्या म्हणून आलेले आणि कंपन्या बंद पडल्यावर रिक्षा नाहीतर वॉचमनकी करणारे. हा भाग लांबला तर लांबू द्या, माझा एकदा पाऊण तास यातच गेला आणि तो दिवस सगळ्यात चांगला झाला.

मग दारूबंदी. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारू बनवणं-विकणं बंद होतं, आणि त्याच वस्तीत जेना नावाचे सहा भाऊ होते, त्यांनी घराघरात दारू गाळायची भांडी बसवून दिली, दिवसाला १५ डॉलर द्यायचे, तेव्हाच्या मजुराला स्वप्नातसुद्धा न दिसणारा पैसा. म्हणजे पोरांनी गुन्हा पहिल्यांदा बघितला तो काही गुन्हा म्हणून नाही, स्वयंपाकघरात चाललेला धंदा म्हणून बघितला. हे नीट सांगा, कारण तुमच्यासमोर बसलेल्या एखाद्याच्या घरीसुद्धा मटक्याची चिठ्ठी किंवा गावठीचा फुगा येत असेल, त्याला असं वाटता कामा नये की ताई माझ्या आईला नावं ठेवते. आणि १९२५ मध्ये दोन महिन्यांच्या आत त्या सहा भावांपैकी तीन गोळ्या घालून मारले गेले, हे सांगून पुढे जा, फार रंगवू नका.

आता गँग. इथे बहुतेक जण चुकतात, पटकन वाईटावर येतात. तसं करू नका. साधारण १९२५ च्या सुमाराला पंधरा-सोळा-सतरा वर्षांची पोरं एकत्र आली, अलीबाबाच्या चाळीस चोरांपेक्षा आपण दोन जास्त म्हणून नाव ठेवलं ४२. त्यांचा म्होरक्या जो कोलारो, त्याला सगळे बेब रूथ म्हणायचे, हे तेव्हाच्या बेसबॉलच्या सर्वात मोठ्या स्टारचं नाव, म्हणजे आपल्याकडे नाक्यावरच्या एखाद्याला धोनी म्हणतात तसंच. पोरं हसतात इथे. हसू द्या. एकमेकांसाठी मार खाणं, एकाच ताटात खाणं, घरी जे मिळत नाही ते इथे मिळणं, हे सगळं खरं होतं आणि ते खरं आहे हे तुम्ही मान्य केलंत तरच पुढचं ऐकतील. त्याच शहरात फ्रेडरिक थ्रॅशर नावाच्या अभ्यासकाने १९२७ मध्ये १३१३ टोळ्या मोजल्या होत्या आणि त्याचं म्हणणं हेच होतं की टोळी सुरू होते ती खेळणाऱ्या पोरांच्या घोळक्यातून. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या गल्लीतली अंडरआर्म टीमच डोळ्यासमोर आली.

मग ते काय करायचे ते सांगा. चोरलेल्या मोटारींचे पार्ट काढून विकायचे, सिगारची दुकानं लुटायची, आणि फेरीवाल्यांच्या तबेल्यात शिरून गाडीवरचा माल उचलायचा, कधी तर त्यांचे घोडे मारून मांस विकायचे. इथे आवाज खाली घ्या आणि विचारा, हे फेरीवाले कुठले? पोरांना लगेच कळत नाही. मग सांगा की त्यांच्याच वस्तीतले. आणि मग सांगा की या गँगमधला जो पुढे सगळ्यात मोठा झाला, सॅम जियानकाना, १९०८ चा जन्म, त्याचे वडील टेलर स्ट्रीटवर हातगाडी ढकलायचे. बस, एवढंच, पुढे काही बोलू नका. आमच्याकडे एक पोरगा होता ज्याची आई स्टेशनबाहेर भाजी लावते आणि ज्याचे मित्र त्याच लाइनीत हप्ता मागायला जायचे, तो त्या दिवशी वडापाव अर्धा ठेवून उठला, पायरीच्या टोकाला जाऊन बसला आणि गोष्ट संपेपर्यंत तिथेच बसून ऐकत होता.

जियानकानाचं खास काम काय, तर गाडी पळवणं. चोरी करून निघायचं तर स्टिअरिंगवर हा. पोलीस पकडू शकत नाहीत असा ड्रायव्हर, म्हणून वरच्या लोकांची, तेव्हाचा शिकागोचा मोठा डॉन अल कापोन याच्या टोळीची, नजर त्याच्यावर गेली. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच, आमच्याकडेही आहे, ॲक्टिव्हा अशी काढतो की बघणाऱ्याचा श्वास थांबतो. त्याच्याकडे बघू नका हे सांगताना, बाकीची पोरं बघतातच.

वरच्यांची पद्धत समजावून सांगा कारण ती आजही तीच आहे: ४२ पोरं हाताशी धरायची, धोक्याची कामं करवून घ्यायची, त्यातली मोजकीच आत घ्यायची आणि बाकीच्यांचं काय होतं ते विचारायचंसुद्धा नाही. आपल्याकडे याचा एक डायलॉग आहे, "तू मायनर आहेस, तुला काय होत नाय, तूच उचल." पोरांना सांगा की १८ खालचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं हे बरोबर आहे, पण २०१५ च्या कायद्याप्रमाणे १६ ते १८ मधल्या पोराने किमान सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा केला तर मंडळ त्याची तपासणी करून केस मोठ्यांसारखी चालवायला पाठवू शकतं. हे मोठा भाऊ सांगत नाही. सांगेल कशाला.

आता काड्या. १९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासात सुरुवातीच्या ४२ जणांचं काय झालं ते बघितलं गेलं, तर तीसपेक्षा जास्त जण एकतर मेलेले, नाहीतर कायमचे जायबंदी, नाहीतर खून, बलात्कार, सशस्त्र दरोडा अशा गुन्ह्यांत तुरुंगात. सहा वर्षांत. पोरांनाच काड्या उचलायला लावा, एकेक करून, तीस. तुम्ही उचलू नका, आणि उचलताना काही बोलू नका. बाराच्या आसपास काड्या उरतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ताई, पण तो तर डॉन झाला ना?

या प्रश्नाची तयारी करून जा, नाहीतर सगळी गोष्ट उलटी पडेल. उत्तर टाळू नका. हो, झाला, १९५७ मध्ये शिकागोच्या टोळीचा बॉस झाला. पण मधलं सांगा: १७ व्या वर्षी अटक, १९२६ मध्ये खुनाचा आरोप, त्या केसमधला मुख्य साक्षीदारच मारला गेला म्हणून सुटला, १९२९ ते १९३२ घरफोडीसाठी आत, १९३९ ते १९४२ चोरट्या दारूसाठी आत, १९६५ मध्ये बॉस असतानाच साक्ष द्यायला नकार दिला म्हणून वर्षभर आत, बाहेर आला तर खुर्ची गेलेली, मेक्सिकोला पळाला, १९७४ मध्ये तिथूनही हाकलला. आणि १९ जून १९७५ च्या रात्री स्वतःच्या घरी, तळघरातल्या किचनमध्ये सॉसेज आणि मिरच्या परतत असताना कुणीतरी मागून डोक्यात गोळी घातली, मग तोंडाभोवती सहा. मारणारा आजपर्यंत सापडला नाही. ओळखीचाच असणार हे पोरं स्वतःहून म्हणतात, कारण रात्री किचनपर्यंत अनोळखी माणूस कसा येईल.

त्याच्या जोडीदारांचंही सांगा, पटापट. बटालिया, ज्याच्यावर १९३० मध्ये चक्क महापौराच्या बायकोचे दागिने लुटल्याचा संशय होता, त्याला १९६७ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली, १९७३ मध्ये गेला. आल्डेरिसिओ १९७१ मध्ये तुरुंगातच मेला. निकोलेटीला १९७७ मध्ये गाडीत बसलेला असताना गोळ्या घातल्या. आणि मार्शल कायफानो नव्वदी ओलांडून २००३ मध्ये म्हातारा होऊन मेला, हेही सांगा, लपवू नका, फक्त सोबत हे सांगा की त्यानेही वर्षानुवर्षं तुरुंगात काढली. एखादं पोरगं मोबाइलवर शोधेल, तुम्ही लपवलं असं दिसलं की तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाही.

एक गोष्ट आपल्यासाठी, पोरांसाठी नाही. त्याच वस्तीजवळ १८८९ पासून हल हाउस होतं, जेन ॲडम्स या समाजसेविकेचं वस्तीतल्या लोकांसाठीचं केंद्र, वर्ग, खेळ, नाटक सगळं होतं, १८९९ मध्ये मुलांसाठीचं अमेरिकेतलं पहिलं कोर्टही त्याच शहरात सुरू झालं, आणि तरी ही गँग तिथेच उभी राहिली. म्हणून अभ्यासिका उघडून बसलो की काम झालं असं समजू नका, नाक्यावर जावं लागतं. १९३४ मध्ये क्लिफर्ड शॉ या समाजशास्त्रज्ञाने शिकागोत पोरांना गुन्ह्यापासून लांब ठेवायचा जो प्रकल्प सुरू केला त्यात त्यांनी वस्तीतलीच माणसं घेतली, तुरुंगातून आलेलीसुद्धा. आम्ही तसं एकाला बोलावलं, तुरुंगात राहून आलेला, आता टेम्पो चालवतो. अट एकच घातली, राड्याचे किस्से नाही सांगायचे, आत असताना आई भेटायला यायची तेव्हा काय व्हायचं ते सांगायचं. पहिल्या बैठकीला मात्र पोलिसांना बोलावू नका, कितीही चांगले साहेब असले तरी.

गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नका आणि लगेच निघूही नका, चहा मागवा आणि अर्धा तास नुसतं बसा. जो बोलायला येणार असतो तो सगळे पांगल्यावर येतो. आमचा ॲक्टिव्हावाला असाच आला, विचारलं काय तर, "ताई, त्या जियानकानाला गॅरेज का नाय काढता आलं?" मला उत्तर आलं नाही. पण वागळेतल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड आहे हे माहीत होतं, तेवढं सांगितलं. तुम्ही जाताना ही माहिती सोबत ठेवा, आणि दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार यांची झेरॉक्स त्याच संध्याकाळी पोराच्या घरी जाऊन काढून घ्या, कारण "उद्या आणतो" म्हणाला की नाक्यावरून त्याला हाक मारणारे तुमच्या आधी उठलेले असतात.