घरातलं म्हातारं माणूस अचानक सैरभैर झालं तर या चुका टाळा

दुपारपर्यंत नीट बोलणारे आजोबा रात्री सारखे अंथरुणातून उठतायत, चादर ओढतायत, स्वतःच्याच घरात बसून "चला घरी जाऊ" म्हणतायत. यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "वय झालं, चालायचंच". इथेच चुकतं. डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणातला स्मृतिभ्रंश, महिनोन् महिने हळूहळू वाढतो, दोन दिवसांत येत नाही. तासांत किंवा एकदोन दिवसांत सुरू झालेला, दिवसा बरा आणि रात्री वाढणारा गोंधळ म्हणजे बहुतेक वेळा डिलिरियम, आणि त्याचं कारण शरीरात शोधायचं असतं.

दुसरी चूक म्हणजे घरात पडलेली झोपेची गोळी देणं. अल्प्राझोलामसारख्या गोळीने म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढू शकतो, वर रात्री तोल जाऊन पडले की खुब्याचं हाड मोडायची भीती.

त्यापेक्षा आधी बघा, लघवी शेवटची कधी झाली? प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना सर्दीची गोळी घेतल्यावर लघवी तुंबू शकते, ओटीपोट टम्म फुगतं आणि सांगता येत नाही म्हणून माणूस नुसता तळमळत राहतो, आणि आपण म्हणतो हट्टीपणा करतायत! पोट साफ झालंय का, ताप, खोकला, धाप, लघवीची जळजळ आहे का तेही बघा. डायबिटीस असेल तर ग्लुकोमीटर काढाच, शुगर ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असली की रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) उतरून असा गोंधळ होऊ शकतो, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

रोज पिणारा माणूस ऑपरेशनसाठी अॅडमिट झाला की दारू अचानक बंद होते, दोनतीन दिवसांत थरथर, घाम, भास सुरू होतात. हे जिवावर बेतू शकतं, त्यामुळे लाज बाजूला ठेवून किती पितात ते डॉक्टरांना आधीच खरं सांगा.

वाद घालू नका, हात बांधू नका. चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्या, लाइट चालू ठेवा, ओळखीचं कुणीतरी जवळ बसा. चालू गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, धाप लागत असेल, शुद्ध जात असेल किंवा नुकतंच डोकं आपटलं असेल तर थेट १०८.

आणि हो, डिलिरियममध्ये सगळेच आरडाओरडा करत नाहीत, काहीजण एकदम गप्प होतात, दिवसभर पेंगतात, जेवत नाहीत. त्रास देत नाहीत म्हणून घरच्यांना बरंच वाटतं, पण त्यांनाही तितक्याच घाईने दाखवायला हवं.