अँटिबायोटिक बंद केलंत? मग हळद, लसूण आणि प्रोबायोटिक देताना या चुका टाळा

इंदूरजवळ सिमरोलच्या रस्त्याला आमचं ३,००० पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड आहे. खाद्यातलं अँटिबायोटिक बंद केलं त्या पहिल्याच लॉटला (पक्ष्यांच्या तुकडीला) मी प्रोबायोटिकचे पैसे अक्षरशः पाण्यात घातले. सकाळी गड्याने टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली होती आणि दुपारी मी त्याच पाण्यात जिवंत जिवाणूंची पुडी सोडली. क्लोरीनचं कामच जिवाणू मारण्याचं, तो चांगला-वाईट कशाला बघेल? आठवडाभर पातळ विष्ठा बघत मी पुडी विकणाऱ्याला शिव्या घालत होतो.

तेव्हापासून प्रोबायोटिकच्या दिवशी क्लोरीन न घातलेलं बोअरचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये भरतो आणि दोन-तीन तासांत संपेल इतकंच मिसळतो. त्यात ऍसिडिफायर (पाणी आंबट करणारं ऍसिड) नाही, अँटिबायोटिक तर नाहीच. खाद्यातून देणार असाल तर आधी मिलवाल्याला दोन गोष्टी विचारा. दाणा पेलेटचा, म्हणजे दाबून गोळ्या केलेला आहे का? पेलेट बनवताना ८० अंशांच्या वर वाफ लागते, तिथे लॅक्टोबॅसिलस टिकत नाही; बॅसिलस सबटिलिससारखे बीजाणू धरणारे जिवाणू टिकतात. आणि दाण्यात बीएमडी किंवा एन्रामायसिनसारखं अँटिबायोटिक आधीच आहे का? पुष्कळदा असतं, आणि आपण ‘नैसर्गिक’ म्हणत त्याच्यावरच प्रोबायोटिकचे पैसे ओतत राहतो.

मूठभर हळद

सियागंज बाजारातून पाच किलो हळद आणायची, रोज दाण्यावर मूठभर भुरभुरायची आणि हळदीने काही होत नाही म्हणायचं. जरा हिशेब करा. चाचण्यांत हळद बहुतेक वेळा खाद्याच्या ०.५ टक्क्याच्या आसपास दिलेली असते. ३,००० पक्ष्यांचा लॉट निघेपर्यंत सुमारे १० टन दाणा खातो, म्हणजे हळद ५० किलो लागली. एवढी परवडते का, ते आधी ठरवा. परवडत नसेल तर सोडून द्या, चिमूट टाकून मनाचं समाधान करू नका. स्वस्तातली खुली हळद तर नकोच, रंग उठावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेटची भेसळ होते. मिसळतानाही थेट ढिगावर टाकू नका. आधी पाच किलो भरड्यात, मग पन्नास किलोत, मग सगळ्या दाण्यात. नाहीतर एका फीडरजवळचे पक्षी हळद खातात आणि बाकीचे नुसता मका.

ऍसिडिफायरचा हात सैल

इथे उलटं, जास्त घालण्याचा धोका मोठा. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे बाटलीवरचं माप जसंच्या तसं लागू पडत नाही. पीएचची पट्टी घ्या, स्वस्त असते. पीएच ४ च्या खाली गेला की पाणी आंबट लागतं आणि पक्षी कमी पितात. कमी प्यायले की कमी खातात, आणि माळव्यातल्या मे महिन्यात तर ते उष्माघाताचं निमंत्रणच. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. जुन्या पाइपात आतून बुळबुळीत थर साचलेला असतो. लॉट चालू असताना ऍसिड सुरू केलं की तो थर सुटतो, पक्षी ज्यातून पाणी पितात त्या निप्पलमध्ये अडकतो, काही निप्पल बंद पडतात, काही गळायला लागतात आणि खाली अंथरलेलं तूस ओलं होतं. म्हणून लॉट निघाल्यावर, शेड रिकामं असताना लाइन धुऊन घ्या.

लासोटा (राणीखेतची) किंवा गंबोरोची लस पाण्यातून देणार असाल तर त्याआधी दोन दिवस क्लोरीन आणि ऍसिड दोन्ही बंद ठेवा.

सोयाबीनची मोठी चूक

इंदूर म्हणजे सोयाबीनचा इलाका, घरचा माल पडलेला असतो. मग अर्धवट भाजलेलं सोयाबीन दाण्यात घालायचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इन्हिबिटर प्रथिनं पचू देत नाही. न पचलेली प्रथिनं आतड्याच्या खालच्या भागात जातात आणि तिथे क्लॉस्ट्रिडियम या रोगकारक जिवाणूला मेजवानी मिळते. पूर्वी खाद्यातलं अँटिबायोटिक हे सगळं झाकून ठेवायचं. ते काढल्यावर आतड्याला सूज, विष्ठेत न पचलेला दाणा, आणि दोष मात्र लसणाच्या माथी. डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) घेताना युरिएज टेस्टचा आकडा मागा, पेंड नीट भाजली आहे का ते त्यावरून कळतं; ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान हवा. मक्याचंही तसंच. पावसाळ्यात १३ टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की बुरशी आणि पाठोपाठ तिचं विष, अफ्लाटॉक्सिन. त्यावर लसूण-हळदीचा इलाज नाही; विष धरून ठेवणारा टॉक्सिन बाइंडर वापरा आणि मका वाळवूनच भरा.

आजारी पक्ष्याला काढा पाजणं

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून खाद्यातली अँटिबायोटिक बंद केली ती वाढीसाठी दिली जाणारी. आजारी पक्ष्याचा उपचार बंद केला नाही. आपल्याकडेही २०१९ मध्ये पशुपक्ष्यांसाठी बंदी आली ती कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर. तेव्हा विष्ठेत रक्त दिसल्यावर लसणाचं पाणी पाजत चार दिवस काढणं हा नुसता हट्ट झाला. ती बहुधा कॉक्सी (कॉक्सिडिओसिस), आणि कॉक्सी हा परजीवीचा आजार, जिवाणूचा नव्हेच. मेलेला ताजा पक्षी घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. आमच्या बाजूला महूचं व्हेटरनरी कॉलेज जवळ पडतं. औषध द्यावं लागलं तर द्या, आणि विक्रीपूर्वी थांबायचे दिवस पाळा.

तूस मुठीत दाबून बघा. गोळा तसाच राहिला, म्हणजे ओल जास्त, तर आधी तूस बदला, पुड्यांचं नंतर बघू. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२-३४ अंश मिळत नसतील तरी तसंच, आधी ऊब, मग पुड्या.

सगळं एकदम सुरू करणं

प्रोबायोटिक, हळद, ऍसिड आणि एन्झाइम एकाच लॉटला दिलं तर कशाने काय झालं ते देवालाही कळायचं नाही. मी शेडात मधोमध जाळी लावून एकाच बाजूला लसणाची पावडर दिली आणि दर रविवारी दोन्हीकडचे पन्नास-पन्नास पक्षी तोलले. पाचव्या आठवड्याला बिनलसणाची बाजू पुढे निघाली. मी पावडरीचं पोतं परत करायला निघालो होतो, तेवढ्यात गडी म्हणाला, “दादा, लसणाच्या बाजूची दोन निप्पलं पंधरा दिवसांपासून गळतायत.”