मुलांची बद्धकोष्ठता : ओळखताना आणि उपचार करताना या चुका टाळा

मुलाला बद्धकोष्ठता आहे की नाही हे ठरवताना बहुतेक पालक दिवस मोजतात, आणि पहिली चूक तिथेच होते. दीड महिन्याहून मोठे, केवळ अंगावर पिणारे बाळ कधीकधी आठवडाभर शी करत नाही. पण जेव्हा करते तेव्हा ती मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर काळजीचे कारण नसते. याउलट पाच वर्षांचे मूल रोज शौचाला जाते, पण दरवेळी दोन-चार कोरडे खडेच पडतात, तेव्हा त्याचे पोट साफ होत नाही असेच समजावे. आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शौच, कडक आणि दुखणारी शी, फार जाड शी, शी रोखून धरणे, आणि शौचाची सवय लागलेली असतानाही चड्डीला शी लागणे, यांपैकी किमान दोन लक्षणे महिनाभर दिसत असतील तर बद्धकोष्ठतेचे निदान बहुधा होते. त्यासाठी क्ष-किरण तपासणीची गरज सहसा पडत नाही.

काही महिन्यांचे बाळ कुंथते, लालबुंद होते, दहा-पंधरा मिनिटे रडते आणि शेवटी मऊ शी करते. पोटाने जोर लावताना त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल सोडण्याचा मेळ त्याला अजून जमलेला नसतो. तो आपोआप जमतो आणि त्यासाठी औषध लागत नाही. अशा वेळी गुदद्वारात साबणाचा तुकडा, बोट किंवा थर्मामीटर घालू नये. त्याने इजा होऊ शकते, शिवाय बाळाला स्वतः शी करायला शिकण्याची संधीही मिळत नाही.

रोखून धरण्याला जोर लावणे समजणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. मूल कोपऱ्यात किंवा पडद्यामागे जाते, पाय आवळून, टाचा उचलून, अंग ताठ करून उभे राहते, त्याचा चेहरा लाल होतो. घरातल्यांना वाटते की बिचारे जोर लावत आहे. प्रत्यक्षात ते शी बाहेर येऊ नये म्हणून सारी शक्ती लावत असते. एखाद्या तापानंतर, वरचे अन्न सुरू झाल्यावर, शौचाची सवय लावण्याच्या घाईत किंवा शाळेतले स्वच्छतागृह नकोसे वाटल्यामुळे एकदा कडक शी होते, गुदद्वाराला चीर पडते, आणि त्या वेदनेची भीती मुलाच्या मनात बसते. ते शी थोपवते. थोपवलेल्या शीतले पाणी मोठे आतडे शोषून घेत राहते, त्यामुळे ती अधिक कडक आणि मोठी होते, आणि पुढची वेळ आणखी दुखते. उपचाराचा खरा हेतू हे चक्र तोडणे हा असतो: शौच इतके दिवस न दुखता व्हायला हवे, की मूल भीती विसरेल.

हे चक्र बराच काळ चालले की मलाशय ताणले जाते आणि शौचाची जाणीव बोथट होते. मग साचलेल्या घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ शी पाझरते आणि चड्डीला लागते. हे मुलाला अनेकदा कळतही नाही. पालक त्याला जुलाब समजून जुलाब थांबवण्याचे औषध देतात, त्याने कोंडी वाढते. किंवा आळस समजून रागावतात. चार वर्षांवरील मूल वारंवार कपडे खराब करत असेल, तर पोटात शी साचली आहे का, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

केवळ आहारावर विसंबणे

फळे, भाज्या, कडधान्ये आणि पुरेसे पाणी मुलाला हवेच. मात्र मलाशयात आधीच गोळा अडकलेला असताना तंतुमय पदार्थांचा मारा केल्याने साचलेल्यात भरच पडते, आणि गरजेपेक्षा जास्त पाणी पाजल्याने शी मऊ होत नाही. दूध मात्र मोजावे. एक वर्षावरील मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून बरेच अधिक दूध पीत असेल, तर इतर अन्नासाठी त्याच्या पोटात जागा उरत नाही. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातून होऊ शकणाऱ्या बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे पहिले लक्षण अनेकदा बद्धकोष्ठता हेच असते.

औषध लवकर थांबवणे

पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज ही औषधे आतड्यात पाणी धरून ठेवतात. त्यांची आतड्याला सवय लागते, ही भीती निराधार आहे. शी साचलेली असेल तर आधी काही दिवस मोठ्या मात्रेने आतडे मोकळे करावे लागते. या दिवसांत कपडे खराब होण्याचे प्रमाण वाढते आणि घाबरून पालक नेमके तेव्हाच औषध बंद करतात. त्यानंतर, रोज एखादी मऊ शी होईल अशी मात्रा किमान दोन महिने चालू ठेवतात, आणि सर्व लक्षणे जाऊन निदान एक महिना उलटल्यावर ती हळूहळू कमी करतात. अनेक मुलांना याहून बराच जास्त काळ लागतो. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच सांगावी. एनिमा तर घरच्या घरी मुळीच देऊ नये.

औषधाबरोबर बसण्याची सवयही लागते. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे तेव्हा पाच ते दहा मिनिटे बसवावे. कमोड असेल तर पायांखाली पाट द्यावा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा थोडे वर राहतात. शाबासकी बसल्याबद्दल द्यावी, शी झाली की नाही यावरून नव्हे. सवय लावण्यावरून घरात भांडणे होत असतील, तर शौच न दुखता होऊ लागेपर्यंत तो विषय खुशाल बाजूला ठेवावा.

सगळीच बद्धकोष्ठता सवयीची समजणे

बहुसंख्य मुलांमध्ये कोणताही आजार नसतो, तरी काही खुणा दिसल्यास वाट पाहू नये. जन्मानंतर 48 तासांत पहिली काळपट शी न होणे किंवा पहिल्याच महिन्यात त्रास सुरू होणे, यामागे आतड्याच्या काही भागात मज्जापेशी नसण्याचा हर्शस्प्रुंग रोग असू शकतो. वजन किंवा उंची न वाढणे, फितीसारखी पातळ शी, चीर नसताना शीतून रक्त जाणे, पायांत अशक्तपणा, किंवा कमरेखाली मणक्यावर खळगा अथवा केसांचा पुंजका असल्यास बालरोगतज्ज्ञांकडे लवकर जावे. हिरवी उलटी होत असेल किंवा पोट फुगून ताणले गेले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.