थंडीत डिझेल गाडी सुरू होत नसेल, तर आधी आवाज ऐका

जानेवारीत पहाटे पाचला माझा फोन वाजला की पलीकडून काय ऐकू येणार हे मला ठाऊक असतं. "मिस्तरी, गाडी सुरू होत नाही." मी म्हणतो, फोन बोनेटजवळ धरा आणि एकदाच सेल्फ मारा. त्या आवाजावरून निम्मं काम होतं. पिंपळगाव बसवंतजवळ हायवेला माझं गॅरेज आहे, २७ वर्षं डिझेलचंच काम करतोय. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावर थंडीत चार-पाच अंश नोंदले जाणं आमच्याकडे नवं नाही. त्याच वेळी शेतकरी मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून, ड्रिप चालू करून बसलेला असतो आणि माल घेऊन निघायची गाडी दारात अडून बसते. म्हणून हे सगळं एकदा नीट सांगतो.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. आत ओढलेली हवा दाबून इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पहाटे इंजिनाचं गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, ऑइल काकवीसारखं जड होतं आणि त्याच वेळी बॅटरीचा जोर कमी पडतो. हे सगळं एकदम अंगावर येतं.

आता आवाज. नुसतं टक-टक-टक झालं आणि मीटरचे दिवे मंदावले, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. घर्र... घर्र... असं रडत फिरलं, तर बॅटरी अशक्त किंवा ऑइल जाड. जोरात फिरतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, पण पेट घेत नाही, तर हीटर प्लग, म्हणजे सुरू होण्याआधी सिलिंडर आतून तापवणारी कांडी, बघा. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. आणि जोरात फिरतंय पण धुराची रेघही नाही, तर इंजिनापर्यंत डिझेलच पोचत नाहीये.

बॅटरीसाठी साधा मल्टिमीटर घरात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर तिचा भरवसा धरू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करून आवळा आणि वर व्हॅसलिन लावा. ऑइलचं म्हणाल तर डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते गारठ्यात पातळ राहतं. पण गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या बाहेर जाऊ नका.

हीटर प्लगकडे मात्र कोणी बघतच नाही. गेल्या थंडीत एका काकांनी दोन महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. दुकानदाराने विकल्या, यांनी घेतल्या. माझ्याकडे आले तेव्हा चारपैकी दोन हीटर मेलेले होते. तपासायला पाच मिनिटं लागतात: प्लगवरची वायर काढायची, मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगला, दुसरं इंजिनाच्या अंगाला लावायचं. चांगला प्लग अगदी थोडा, एखाद-दोन ओहमच्या आत रोध दाखवतो. मेलेल्याची तार आत तुटलेली असते, म्हणून मीटर काही जोडलंच नाही असं दाखवतो. एखादाच मेला असेल तर गाडी सुरू होते, पण पहिला मिनिटभर थरथरते आणि धूर सोडते. ही खूण दिसली की तेव्हाच या.

सुरू करताना एसी, दिवे, टेप सगळं बंद. चावी ऑन करा, स्प्रिंगसारखी पिवळी खूण विझेपर्यंत थांबा. फारच गार असेल तर चावी बंद करून हेच दोन-तीनदा करा. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधलं जड ऑइल फिरवायचा भार सेल्फवर येत नाही. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विसावा. एअर फिल्टरवर पेट्रोल किंवा स्प्रे मारायचा जुना उपाय कोणी सांगेल, तो ऐकू नका. हीटर तापलेला असताना तिथे भडका उडतो. डिझेलमध्ये रॉकेलही नको. आजच्या गाड्यांच्या पंपाला डिझेलचंच वंगण लागतं.

आपल्याकडे डिझेल सहसा गोठत नाही, त्रास असतो तो पाण्याचा आणि हवेचा. अर्धी टाकी रात्रभर गार झाली की आत दव धरतं. म्हणून थंडीत टाकी भरलेली ठेवा आणि डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढा. पाइपात बुडबुडे दिसले तर कुठला तरी जुना वॉशर हवा ओढतोय.

खरं गोठलेलं डिझेल मी पाहिलं ते हिमाचलातल्या काझाला. शिमला-किन्नौर मार्गे फेब्रुवारीत मित्राच्या गाडीतून गेलो होतो. खालच्या मैदानातच टाकी गच्च भरली, तिथेच चुकलो. रात्री उणे वीसच्या आसपास गेलं. सकाळी सेल्फ झकास फिरला, पण धूर नाही. बाटलीतलं डिझेल उजेडात धरलं, तर डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली होते तसं ते पांढुरकं, घट्ट. त्यातलं मेण आधी फिल्टरचा कागद बुजवतं. तिथला एक ड्रायव्हर दोन किटल्या गरम पाणी घेऊन आला. फिल्टरभोवती फडकं गुंडाळून हळूहळू ओतत राहिलो, उन्हं आल्यावर फिल्टरमध्ये डिझेल ओढायचा हँड पंप मारला, तेव्हा गाडी बोलली. टाकीखाली स्टोव्ह पेटवणारेही आहेत. ते कधीही करू नका. गोठू नये म्हणून मिळणारं औषध डिझेल पातळ असतानाच टाकायचं, नंतर उपयोग नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. तिकडे जाणार असाल तर खालचं डिझेल संपत आणा आणि वरचं भरा. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असेल तर निघण्याआधी काढा. ते गोठून फुगलं की ब्लॉक फुटतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर उणे तीसच्याही खाली टिकतं. उतरल्यावर हँडब्रेक ओढू नका, तो ओल्याने जखडतो. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा.

सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट द्या आणि निघा. पंधरा मिनिटं उभ्याने तापवण्यात डिझेल जातं, इंजिन धड तापत नाही आणि बीएस-६ गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरून जातो. पहिले चार-पाच किलोमीटर रेस कमी ठेवा, तापमानाचा काटा वर आला की मग दाबा. रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल, तर आठवड्यातून एकदा ओझरपर्यंत हायवेला सलग पळवून आणा.

रात्री शेडमध्ये लावताना तोंड बाहेर करून लावा, म्हणजे वेळ आलीच तर दुसऱ्या गाडीची वायर बॅटरीपर्यंत पोचते. मात्र मग सायलेन्सर आत राहतो. सेल्फ मारण्याआधी दोन्ही दारं सताड उघडा आणि पोरांना शेडमध्ये थांबू देऊ नका.