चार गुणांनी हरलेल्या माणसाशी काय बोलावं

मेलबर्नला नव्याने आलेल्यांना मायकी (ट्रेन-ट्रॅमचं कार्ड), मेडिकेअर, टॅक्स फाइल नंबर, टार्नीटला भाड्याचं घर मिळवताना लागणारी कागदपत्रं हे सगळं कुणी ना कुणी सांगतंच. ते मी पुन्हा लिहीत नाही. पण मार्च ते सप्टेंबर दर सोमवारी ऑफिसच्या किचनमध्ये जो विषय निघतो, म्हणजे फूटी, इथला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, त्याबद्दल आपल्यात कुणी धड बोलत नाही. मग नवा माणूस कप हातात धरून नुसता हसतो. किंवा बोलतो, आणि ते जास्त वाईट. "शेवटच्या मिनिटाला हरले ना हो तुमचे?" असं एका कॉलिंगवुडवाल्याला, म्हणजे त्या क्लबच्या पाठीराख्याला विचारून झाल्यावर आठवडाभर त्याच्याकडून कोड रिव्ह्यू न मिळालेली मुलं मी पाहिली आहेत.

नियम तुम्हाला यूट्यूबवर मिळतील. अठरा-अठरा खेळाडू, लंबगोल मैदान, वीस-वीस मिनिटांची चार क्वार्टर. घड्याळ मध्ये मध्ये थांबतं, म्हणून एक क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातं. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने मारायचा. पंधरा मीटर किंवा जास्त लांबून आलेली किक झेलली तर मार्क, म्हणजे निवांत किक मारायची संधी. मधल्या दोन उंच खांबांतून पाय लावून गेला तर सहा गुण, म्हणजे गोल, बाजूच्या फटीतून गेला तर एक. या एका गुणाला बिहाइंड म्हणतात. बाकी खेळ बघता बघता कळतो.

खरं शिकायचं असेल तर स्कोअर वाचायला शिका. आपले लोक फक्त शेवटचा आकडा बघतात, कारण क्रिकेटमध्ये तेवढ्याने भागतं. इथे नाही भागत. 2023 ची ग्रँड फायनल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना घ्या. कॉलिंगवुड 12.18, म्हणजे बारा गोल, अठरा बिहाइंड, एकूण 90. ब्रिस्बेन 13.8, म्हणजे 86. गोल जास्त कुणाचे? हरलेल्यांचे. आमच्या टीममध्ये एक जुना फिट्झरॉयवाला आहे. त्याचा क्लब 1996 च्या हंगामानंतर ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला आणि त्याच्याबरोबर हा माणूसही मनाने ब्रिस्बेनचा झाला. त्या सोमवारी त्याने बिस्किटांच्या पुड्याच्या मागे हे दोन आकडे लिहिले, 13 खाली दोन रेघा ओढल्या आणि पुडा कॉलिंगवुडवाल्याकडे सरकवला. त्याने पेन घेतलं आणि 18 भोवती वर्तुळ काढलं. मग वीस मिनिटं वाद चालला. एकाचं म्हणणं, आम्ही नेमके होतो. दुसऱ्याचं म्हणणं, तीस वेळा चेंडू तुमच्या खांबांपर्यंत आमचा पोचला, तुमचा एकवीस वेळा, मग सामना चालवत कोण होतं? दोघेही बरोबर होते. अटीतटीच्या सामन्याची चर्चा ही असते. शेवटची किक हा तिचा एक छोटा भाग असतो.

म्हणून पहिला प्रश्न "कोण जिंकलं" हा नको. तो फोनवर दिसतो. "तिसऱ्या क्वार्टरला काय झालं?" असं विचारा. समोरचा माणूस स्वतःहून उघडतो. तो सांगेल की मिडफिल्ड दमलं होतं, मध्यभागी खेळ नव्याने सुरू होताना चेंडू सारखा त्यांच्याकडे जात होता, फॉरवर्ड पुढे धावून जागा करत नव्हते आणि आमचे खेळाडू डोळे मिटून लांब किक मारत होते. त्याला तुम्ही सांगावं अशी अपेक्षा नसते. ऐकावं अशी असते.

शेवटच्या दोन मिनिटांचं गणित मात्र आपल्या लोकांना पटकन जमतं. सहा गुणांची आघाडी म्हणजे एका गोलने बरोबरी, सातची म्हणजे दोनदा गुण लागणार. गोल झाला की चेंडू परत मध्यभागी येतो, बिहाइंड झाला तर बचाव करणाऱ्यांना खांबांपासून किक मिळते. त्यामुळे अडचणीत सापडलेला बचावपटू कधी कधी मुद्दाम एक गुण देऊन टाकतो. 2008 च्या फायनलला हॉथॉर्नने हे इतकं केलं की पुढच्या वर्षी नियम आला: दबाव नसताना मुद्दाम केलंत तर समोरच्याला फ्री किक. आणि सायरन वाजण्याआधी मार्क घेतला असेल तर सायरननंतरही किक मारता येते. 2022 मध्ये एसेंडनविरुद्ध जेमी एलियटने अशीच सायरननंतर मारून कॉलिंगवुडला जिंकवलं होतं. तेव्हा सायरन ऐकून टीव्ही बंद करू नका.

अंपायरबद्दल माझं मत ठाम आहे. पहिला हंगाम तोंड बंद ठेवा. स्टेडियममध्ये अख्खा स्टँड "बॉऽऽल!" (त्याने चेंडू धरून ठेवला, फ्री किक द्या) म्हणून ओरडतो तेव्हा तुम्हीही ओरडा, कुणी काही म्हणणार नाही. पण सोमवारी "अंपायरने हरवलं" हे वाक्य फक्त हरलेल्यांच्या तोंडी शोभतं. 2018 च्या फायनलला शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना वेस्ट कोस्टच्या डॉम शीडने बाउंड्रीला चिकटून, अवघड कोनातून गोल मारला आणि कॉलिंगवुड 74-79 असं हरलं. त्या गोलआधी शीडने मार्क घेतला तेव्हा आमच्या मेनार्डला त्यांच्या रिओलीने अडवलं होतं, हे कॉलिंगवुडवाले अजून सांगतात. तुम्ही "हो, बरोबर" म्हणालात तर तो म्हणेल, पण पहिले पाच गोल आमचे होते, आम्हीच सामना सोडला. "नाही" म्हणालात तर संपलंच. त्यापेक्षा बिस्किट घ्या.

एकदा मात्र चूक खुद्द लीगनेच मान्य केली. 2023 मध्ये सिडनीविरुद्ध ॲडलेडच्या बेन कीजचा गोल खांबाला न लागताही लागला असं धरून बिहाइंड दिला गेला, रिव्ह्यू घेतलाच नाही आणि ॲडलेड एका गुणाने हरलं. ॲडलेडचा कुणी भेटला तर हे नक्की काढा. तो तुमचा मित्र होईल.

आता पैशाचं. जुगाराच्या ॲपवर पैसे लावू नका. सामन्याच्या आधी, मध्ये, नंतर जाहिराती दिसतील, फुकट बेटचं आमिष दिसेल. लावू नका. आपल्यातल्या मुलांना इथे विशेष धोका आहे, कारण ती आकड्यांत हुशार असतात. क्लिअरन्स, इन्साइड फिफ्टी, कंटेस्टेड पझेशन अशी सामन्याची आकडेवारी बघून दोन महिन्यांत त्यांना वाटतं की आपल्याला खेळ कळला. ओळखीतल्या एका डेटावाल्या मुलाने एका सामन्यातल्याच चार-पाच गोष्टी जोडून लावायचा प्रकार सुरू केला. घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेल्या पैशातला मोठा हिस्सा एका हिवाळ्यात गेला आणि बायकोला ते बँकेच्या स्टेटमेंटवरून कळलं. 2010 ची ग्रँड फायनल 68-68 अशी बरोबरीत सुटली, कारण शेवटी शेवटी सेंट किल्डाची एक लांब किक टप्पा पडल्यावर तिरकी वळली आणि त्यांच्याच मिल्नच्या हाती न येता बिहाइंड झाली. पुढच्या शनिवारी तेच दोन संघ पुन्हा खेळले आणि कॉलिंगवुड 56 गुणांनी जिंकलं. आता सांगा, कुठल्या एक्सेलमध्ये हे बसवणार? लंबगोल चेंडूवर पैसे लावू नका. तिसऱ्यांदा सांगतोय.

आपल्या मंडळींचे दोन नमुने भेटतील. एक, "हा काय खेळ, नुसती झोंबाझोंबी" म्हणणारे. यांनी एमसीजी फक्त भारताच्या मॅचला पाहिलेलं असतं. दुसरे, आल्यावर तीन महिन्यांत मफलर गुंडाळून अस्सल मेलबर्नकरालाच टॅक्टिक्स शिकवणारे. दोघांपासून थोडं लांब राहा. आणि बॉसचा संघ तोच माझा संघ असं करू नका. लोकांना ते लगेच कळतं. ऑस्ट्रेलियन माणूस विरुद्ध संघाचा पाठीराखा सहज सहन करतो, डळमळणारा नाही. पश्चिमेला राहत असाल तर फुट्सक्रेचे बुलडॉग्ज जवळचे, मुलांच्या शाळेतही तेच असतील. एकदा निवडलात की झालं, हरले तरी.

एकदा तरी मैदानावर जा. दोन्ही संघांचे लोक एकत्रच बसतात, शेजारची आजी अंपायरला शिव्या घालता घालता तुमच्या मुलाला चिप्स देते. एमसीजीला रिचमंड किंवा जॉलिमाँटला उतरा. डबा नेता येतो, काच आणि दारू नाही. शाकाहारी असाल तर तिखटमिठाच्या पुऱ्या न्याच, तिथे मिळणाऱ्या 'पाय' (pie) नावाच्या पदार्थात बहुधा मांस असतं. जुलैत जाड जॅकेट.

आणि ऑफिसच्या टिपिंगमध्ये, म्हणजे दर फेरीत कोण जिंकणार हे ओळखायच्या स्पर्धेत नाव द्या. ते पाच-दहा डॉलरचं, ओळखीपाळखीचं आहे, त्याला माझी हरकत नाही. फेरीचा पहिला सामना बहुधा गुरुवारी संध्याकाळी असतो, त्याआधी भरायचं. गुण समान झाले तर एका सामन्यातला फरक किती हे ज्याने जवळचं सांगितलं तो वर जातो. तिथे नवे लोक उत्साहाने 1 किंवा 2 लिहितात. वीसच्या आसपास काहीतरी लिहा.